खापरखेड्याच्या नऊ चिठ्ठ्या

नागपुरात साठीच्या पुढची माणसं मला अजून एका विनोदावरून ओळखतात. मागच्या महिन्यात बर्डीवर चष्म्याचा स्क्रू बसवायला गेलो, तर दुकानदार काच पुसता पुसता थांबला. म्हणाला, "तुम्ही थे सामानवाले न गा? ऑर्केस्ट्रावाले?" मी हो म्हटलं. मग त्याने माझा विनोद मलाच ऐकवला, मी कुठे थांबायचो तिथे थांबून, आणि स्वतःच पोट धरून हसला. मीही हसलो. सवय आहे.

विनोद असा होता. स्टेजवरचे दिवे मंद करायचे. मी माइकजवळ जायचो आणि चेहरा गंभीर करून म्हणायचो, "मित्रहो, सत्तेचाळीस साली इंग्रज गेले. गडबडीत गेले. त्यांचं एक सामान नागपूर स्टेशनावर राहून गेलं. इतकी वर्षं झाली, कोणी घ्यायला आलं नाही. शेवटी आमच्या ऑर्केस्ट्राच्या उमाटेभाऊंनी सोडवून आणलं. पाहा बुवा, कोणाच्या ओळखीचं आहे का." मग ड्रमवर दणका, झगझगीत दिवा, आणि त्या दिव्यात आमच्या गोऱ्या गायिका, ऑड्री मॅडम उभ्या. पब्लिक लोटपोट. त्या हशात मॅडमनी गाणं सुरू करायचं, आणि हशा ओसरेपर्यंत त्यांचा पहिला अंतरा संपलेला असायचा.

सात वर्षं मी हे केलं. त्या सात वर्षांत त्यांचं पूर्ण नाव मी माइकवर एकदाही घेतलं नाही.

मॅडमना मी आधी ओळखत होतो ते टायपिंगच्या बाई म्हणून. नागपूरच्या सदर भागात एका औषधाच्या दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की टायपिंगचा क्लास होता. मालक कुणी दुसराच, तो महिन्यातून एकदा उगवायचा. शिकवायच्या मॅडम. मी बी.ए. होऊन घरात बसलो होतो आणि वडील रोज जेवताना माझ्याकडे न बघता नोकरीच्या जाहिराती मोठ्याने वाचायचे, म्हणून नाव घातलं. पहिल्या दिवशी जिना चढलो तर समोर चाळिशीची गोरीपान बाई, भुऱ्या डोळ्यांची, नाकावर तांबूस ठिपके, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काहून गा, दरवाज्यातच उभा राहून शिकणार हायेस का?"

त्यांचं मराठी हे असं. खापरखेड्याकडून गोपिका नावाची दूधवाली यायची, तिच्या तोंडून लहानपणापासून उचललेलं. आजोबा विलायतेतून आलेले इंजिन ड्रायव्हर, वडीलही रेल्वेतच. घरात इंग्रजी, बाजारात हिंदी आणि दुधाच्या बरणीभोवती वऱ्हाडी. आई-वडील गेले, बहीण नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. तिने तिकडे बोलावलंही होतं. मॅडम गेल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथं सगळ्याच गोऱ्या. तिथं मले कोण पाहीन?" तेव्हा मला तो विनोद वाटला. बशीत चहा ओतून फुंकर मारत मारत त्या हे बोलल्या होत्या.

शिकवण्याची पद्धत अजब होती. मॅडम कधी आमच्या कागदाकडे बघायच्या नाहीत. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि बारा मशिनांच्या खडखडाटातून म्हणायच्या, "चार नंबर, तुहं एस चुकलं." ते खरंच चुकलेलं असायचं. हातात लाकडी फूटपट्टी, तिने टेबलावर ठोका धरायच्या. आम्ही सगळे ठोक्यावर अक्षर मारायचो आणि त्या वैतागायच्या. "ठोक्यावर तं कोणीही मारते. थांबा न जरासे. ठोका जाऊ द्या, मंग या." एकदा शिकणाऱ्या सगळ्यांकडून त्यांनी टाळ्या वाजवून घेतल्या. टाळी उशिरा द्यायची, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. बाराच्या बारा जणांनी पहिलीवर दिली. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "भजनं म्हणू म्हणू वाया गेलं सारं नागपूर."

शिकवताना त्या गुणगुणायच्या. आवाज खालचा, जाड, दाणेदार. डोळे मिटून ऐकलं तर गोऱ्या बाईचा आहे असं कोणी म्हटलं नसतं. कुठून आला हा आवाज, तर बहिणीचा दीर बोटीवर होता, त्याने तीन रेकॉर्डी आणून दिल्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या बायांची गाणी. त्याला सोल म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, सोल म्हणजे काय? मॅडमनी फूटपट्टी टेबलावर ठेवली.

"गोपिकाचा नवरा मेला न, खापरखेड्याले कोयश्यावर होता थो, तवा मी गेली होती. गोपिका कशी रडली सांगू? त्याचं नाव घेऊ घेऊ, हेल काढू काढू. काय खाये, काय बोले, कसा भांडे, सारं सांगून राहिली होती त्याले. मी दारात उभी. घरी आली आन् रेकॉर्ड लावली. तं थेच होतं गा. थेच. फक्त भाषा दुसरी."

चर्चच्या क्वायरमध्ये त्या लहानपणापासून गायच्या. रेकॉर्डी आल्यावर आवाजात ते उतरायला लागलं. एका रविवारी प्रार्थनेच्या मध्येच आवाज सुटला आणि सगळ्यांच्या वर गेला. क्वायर बघणारी एक म्हातारी इंग्रज बाई होती. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, देव बहिरा नाही, आणि हे नोकरांचं आवार नाही. पुढच्या रविवारपासून मॅडम मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायच्या. हे सांगताना त्या अशा हसल्या की मला काय करावं कळेना, म्हणून मीही हसलो. त्यांच्या बाबतीत माझी ती खोडच होती.

त्यांना ऑर्केस्ट्रात मीच नेलं, म्हणून बाकीचं सगळं माझ्याकडेच लागतं. टायपिंग शिकून मला एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली होती, आणि संध्याकाळी उमाटेभाऊंच्या ऑर्केस्ट्रात मी निवेदन करायचो. उमाटेभाऊ म्हणजे मालक आणि अकॉर्डियन वाजवणारे, दोन्ही. सिनेमातली गाणी, मिमिक्री, मधे मधे माझी बडबड. मी भाऊंना क्लासवर घेऊन गेलो. मॅडमनी त्यांच्यासमोर त्या तीनपैकी एका रेकॉर्डवरचं, नवरा सोडून गेलेल्या बाईचं गाणं म्हटलं. भाऊंनी ते ऐकलंच नाही. ते मॅडमच्या पोटऱ्यांकडे बघत होते. जिना उतरताना म्हणाले, "माल ओरिजिनल हाय बे. सिनेमातल्या नाचाच्या गाण्यांले नकली मेम उभी करा लागते. आपल्याले अस्सल भेटली."

मॅडमनी मान्य केलं, एका अटीवर. चार नाचाची गाणी म्हणीन, तुम्ही द्याल तो चमचमता झगा घालीन, पण प्रत्येक कार्यक्रमात एक गाणं माझं. भाऊ हो म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का. मॅडमचं गाणं त्यांनी शेवटी ठेवलं, अगदी शेवटी, आभारप्रदर्शन झाल्यावर. तोवर लोक चपला शोधत असायचे आणि मांडववाले सतरंज्या गुंडाळायला लागलेले असायचे. मॅडम चमचमत्या झग्यात, बूट काढून, अनवाणी उभ्या राहायच्या आणि त्या गुंडाळणाऱ्यांसमोर मनापासून गायच्या. मी माइकची वायर हातात घेऊन वाट बघत उभा असायचो.

आणि विनोद. तो पहिल्यांदा मी आयत्या वेळी केला होता, दिवे गेले होते आणि लोक ओरडत होते म्हणून. इतका हशा आला की मलाच गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यात दोन माणसांनी मला ओळखलं. मग काय. मॅडमना पहिल्यांदा तो नीट कळला नाही असं मी धरून चाललो, पण वऱ्हाडीत स्वप्न पडणाऱ्या बाईला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या एकदाच बोलल्या. "चांगलं सांगतं तू. फक्त सामान म्हणल्यावर जरा जास्त थांबत जाय." मी पुढच्या कार्यक्रमापासून जास्त थांबायला लागलो. हशा वाढला.

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात फर्माईशीच्या चिठ्ठ्या यायच्या. सिगरेटच्या पाकिटाच्या कागदावर, वहीच्या पानावर लिहून लोक पुढे सरकवायचे आणि हातोहात त्या निवेदकाकडे यायच्या. निवेदकाने वाचायच्या, अमुक कॉलनीतील तमुकराव आणि त्यांचा मित्रपरिवार यांची फर्माईश, की भाऊ ते गाणं घ्यायचे. आमच्या धंद्यात चिठ्ठी हाच निकाल. मॅडमच्या गाण्यासाठी सात वर्षांत चिठ्ठी आली नाही. सतरंज्या गुंडाळणारे कशाला चिठ्ठी लिहितील?

मग मुंबईचे साहेब आले. मॅडमच्या क्लासवरच्या एका मुलीचा मामा, हेच ते साहेब, रेकॉर्डच्या कंपनीत होता. मॅडमनी आपल्या आवाजाची टेप त्याच्याकडे पाठवली होती, आम्हाला न सांगता. त्याला ती आवडली. बाईंना पब्लिकसमोर बघायचं आहे, रविवारी येतो, म्हणून कळवलं. नेमका त्या रविवारी खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत गणपतीचा कार्यक्रम होता, संध्याकाळी सातला. साहेब सदरच्या एका हॉटेलात उतरले आणि भाऊंच्या बरोबर मोटारीने येणार असं ठरलं.

आम्ही वाद्यांसकट टेम्पोतून निघालो. मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. कोराडीच्या पुढे त्यांनी माझ्या मनगटावर फूटपट्टीसारखी बोटं आपटली.

"आज थे सामान नको, हां. आज माहं पूरं नाव घेजो. ऑड्री ग्रेस लॉसन. तीन शब्द हायेत. घाई नाही करायची. एक घेतला का थांबजो, मंग दुसरा."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी मला पाच-सहा वेळा म्हणायला लावलं. "ग्रेसले खाऊन टाकून राहिला तू," म्हणाल्या. शेवटी जमलं. "हाव. आता आलं. आन् माहं गाणं आज पह्यले घेजो. भाऊ हो म्हणले." मी गळ्याची शपथ घेतली. त्या दिवशी मॅडमनी झगा घातला नव्हता, साधा निळा फ्रॉक होता आणि केस घट्ट मागे बांधलेले होते.

मांडव गच्च भरला होता. कामगार पुढे, बाया-पोरं मागे. साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर. दिवे मंद झाले. मी माइकजवळ गेलो. म्हणालो, "आता आपल्यासमोर येत आहेत..." आणि थांबलो, मॅडमनी सांगितलं होतं तसा. त्या थांबण्याने घात केला. मागच्या वर्षीही आम्ही तिथे कार्यक्रम केला होता. माझा थांबण्याचा ढंग लोकांना पाठ होता. मांडवातून एक आवाज आला, "सामान!" मग दुसरा. मग सगळा मांडव टाळ्या वाजवत ओरडायला लागला, "सामान! सामान!" माझ्यासाठी. हजारभर लोक माझा विनोद मागत होते. मी विंगेत पाहिलं. मॅडम मान हलवत होत्या, नको, नको म्हणून.

मी सांगितला. पूर्ण सांगितला, आणि सामान म्हटल्यावर जरा जास्त थांबलो.

साहेब खुर्चीतून पुढे पडेपर्यंत हसले. मॅडम आल्या. बूट काढून बाजूला ठेवले आणि हशा संपायची वाट पाहत उभ्या राहिल्या. आज त्यांनी सुरुवात केली नाही. हशा पूर्ण विझू दिला, मग सुरुवात केली. मी इतक्या वर्षांत ते गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं, कारण पहिल्यांदाच हातात वायर नव्हती. एक अंतरा झाला आणि मागे बायांच्या बाजूला गडबड शांत झाली. पुढच्या पोरांनी मात्र शिट्ट्या मारल्या, "नाचाचं होऊ द्या!" तेवढ्यात चिठ्ठ्या यायला लागल्या. मागून, हातांवरून हातांवर. भाऊंनी अकॉर्डियनवरून मला खूण केली, आवर. मी चिठ्ठ्या गोळा केल्या, न वाचता कोटाच्या खिशात कोंबल्या, आणि गाणं संपता संपताच माइकवर म्हणालो, "आपल्या फर्माईशीचा मान राखून, आता एक झणझणीत नाचाचं गाणं." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते नाचाचं गाणंही म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर साहेब भाऊंना म्हणाले, बाई कॉमेडीला फार छान आहे. गोरी बाई आणि अस्सल वऱ्हाडी बोलणं, आपण विनोदाची एक रेकॉर्ड काढू. निवेदकालाही घेऊ. मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट झटकताना चिठ्ठ्या पडल्या. नऊ होत्या. मी वाचल्या. एकीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "निवेदक महाशय, मघाचं गाणं समजलं नाही. पुन्हा म्हणायला सांगावे." दुसरीवर, "बाईले सांगा, माहा बाप गेला तवा माह्या मायनं असंच केलं होतं. एकडाव अजून." कॉलनीच्या दवाखान्यातल्या एका नर्सने नाव, खोली नंबर सगळं घालून लिहिलं होतं, "हेच गाणे पुन्हा ही नम्र विनंती." नऊच्या नऊ त्याच गाण्यासाठी.

साहेबांची गाडी दुपारची होती. मी सायकल काढली आणि हॉटेलसमोरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिलो. चिठ्ठ्या खिशात होत्या. रस्ता ओलांडायचा, बास. साहेब बाहेर आले, बॅगा रिक्षात ठेवल्या. मी पान लावून घेतलं. समजा मी चिठ्ठ्या दाखवल्या असत्या, तर काल वाचल्या का नाहीत, हे साहेबांनी विचारलं असतं. भाऊंनी मला काढलं असतं. आणि विनोदाची रेकॉर्ड निघाली तर तिच्यावर माझं नाव येणार होतं, हेही डोक्यात होतं, लपवून काय करू. रिक्षा गेली. मी थुंकलो आणि क्लासवर गेलो.

मॅडम खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मशिनं चालू होती. वळल्या नाहीत.

"काल चिठ्ठ्या येऊन राहिल्या होत्या न माह्या गाण्यात? मले दिसल्या. काय होतं गा त्याच्यात?"

"नाचाचं गाणं मागितलं होतं, मॅडम."

"साऱ्यांनी?"

"साऱ्यांनी."

"मांगं बाया बसल्या होत्या. त्यायनं बी?"

"हो."

त्यांनी फूटपट्टी उचलली. "सहा नंबर," म्हणाल्या, "ठोक्यावरच मार बावा. बरोबर हाय तुहं."

त्यानंतर मॅडम ऑर्केस्ट्रात आल्या नाहीत. विनोदाची रेकॉर्ड काही निघाली नाही. मी लग्न केलं, कचेरीत हेडक्लार्क झालो, आणि मॅडमशिवायही तो विनोद सांगत राहिलो, कारण लोक मागायचे. दिव्यात मग एका पोराला मेमचा झगा घालून उभं करायचो. चिठ्ठ्या मी फाडल्या नाहीत. लग्नाच्या पत्रिकेच्या पाकिटात घालून ट्रंकेत ठेवल्या. फाडल्या नाहीत म्हणून चांगला माणूस ठरलो असंही नाही.

अकरा वर्षांनी उमाटेभाऊ गेले. त्यांच्या तेराव्याला कुणी तरी सांगितलं की मॅडमचा क्लास केव्हाच बंद झाला, सदरची खोली सुटली, आणि त्या आता हुडकेश्वरला एका शेतकऱ्याच्या घरामागे दोन खोल्यांत राहतात. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे पार गावाबाहेर. मी पाकीट घेतलं आणि गेलो. का गेलो, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. भाऊ गेल्यामुळे आता मला काढणारं कोणी उरलं नव्हतं, हे एक खरं.

मॅडम अंगणात खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. केस पांढरे झाले होते, पायात तेच बूट, बोटं संधिवाताने वाकलेली. शेजारी घरमालकाची सून कुसुम खाली बसली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. "बस," म्हणाल्या. मी पाकीट पुढे केलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पानठेल्यासकट. त्या तांदळातले खडे काढत राहिल्या.

"मले चष्म्याशिवाय दिसत नाही. तू वाच. माइकवर वाचतं तसं."

मी उभा राहून वाचल्या. अंगणात, दुपारी तीन वाजता, फर्माईशीच्या आवाजात. नर्सची चिठ्ठी झाली, मायची झाली. न समजलेल्या गाण्याची वाचली तेव्हा म्हणाल्या, "हे पुन्हा वाच." पुन्हा वाचली. नऊ संपल्या.

"आता थे सामानवालं सांग."

"नको मॅडम."

"सांग गा. कुसुमनं नाही ऐकलं."

मॅडम वाट बघत होत्या. शेवटी सांगितलं, जमिनीकडे बघत. इंग्रज गेले, गडबडीत गेले, स्टेशनावर एक सामान राहिलं, कोणी घ्यायला आलं नाही. कुसुम हसली नाही. ती बिचारी लक्ष देऊन ऐकत होती. तिने मॅडमना विचारलं, "मंग वं बाई? शेवटी आलं का कोणी थे सामान न्याले?"

"आला न," मॅडम म्हणाल्या. "हा काय उभा हाय. पावत्या घेऊन आला. पण सामान सडून गेलं."

त्यांनी चिठ्ठ्या माझ्या हातून घेतल्या, वाकड्या बोटांनी एकीवर एक नीट रचल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट मला परत दिलं. "घेऊन जाय. निवेदक महाशय लिहिलं हाय त्याच्यावर. माह्या नावाची एक बी नाही."

चहा विचारला नाही. मी निघालो. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागे खाटेवरून गुणगुणणं सुरू झालं. तेच गाणं, खूप खालच्या आवाजात, आणि कुसुमने टाळी धरली होती, दुसरीवर आणि चौथीवर, अगदी बरोबर. माझे पाय थांबले. तसं मॅडमचं गाणं थांबलं. मी तसाच पाठमोरा उभा राहिलो. मागे ताटात खडा पडल्याचा आवाज आला, मग दुसरा. मी चालायला लागलो आणि दहा-बारा पावलं गेल्यावर ते पुन्हा सुरू झालं. मग मी थांबलो नाही.